उजव्या कोपऱ्यातला चौकोन

लांबी १८५ मिलिमीटर, उंची ५५ मिलिमीटर. सोव्हिएत संघात १९७१ नंतर काढलेलं एखाद्या यंत्राचं किंवा उपकरणाचं ड्रॉइंग उचला. ते रेडिओच्या सर्किटचं असो, ट्रॅक्टरच्या गिअरचं असो, की उपग्रहात बसवायच्या लोखंडी पट्टीचं. पहिल्या पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात याच मापाचा चौकोन सापडतो. डावीकडे २० मिलिमीटर समास, बाकी तिन्ही बाजूंना ५. चौकोनातल्या रेषा कुठे जाड आणि कुठे बारीक, हेही ठरलेलं.

आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ज्यांनी ड्रॉइंग हॉलमध्ये शीट काढल्या आहेत, त्यांना हा टायटल ब्लॉक ओळखीचा वाटेल. आपण तो सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्यात शेवटी उरकायचो. नाव, रोल नंबर, स्केल, आणि 'चेक्ड बाय'समोर सरांची घाईतली सही. गंमत म्हणजे सोव्हिएत इंजिनिअरच्या दृष्टीनं ड्रॉइंगमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच होता. वस्तूचं चित्र चुकलं तर दुरुस्त करता येतं. हा चौकोन चुकला तर ते चित्र नेमकं कोणत्या वस्तूचं, कोणत्या आवृत्तीचं आणि कोणाच्या जबाबदारीवर काढलेलं, हेच कळायला मार्ग राहत नाही.

या व्यवस्थेचं रशियन नाव 'येदिनाया सिस्तेमा कन्स्त्रूक्तोर्स्कोय दोकुमेन्तात्सी', म्हणजे रचनेच्या कागदपत्रांची एकसंध पद्धत. चार आद्याक्षरं घेऊन तिला ये-एस-का-दे म्हणतात. मी इथे सोयीसाठी 'एस्कादे' म्हणतो. 'गोस्त' म्हणजे सोव्हिएत राष्ट्रीय मानकं. त्यातली २ या आकड्यानं सुरू होणारी सगळी मालिका एस्कादेची. १९६०च्या दशकाच्या शेवटी ती मंजूर झाली आणि १९७१च्या सुरुवातीला लागू झाली.

पण तिची गरज कशी पडली, हे समजायला तीस वर्षं मागं जायला हवं.

जून १९४१मध्ये जर्मनीनं सोव्हिएत संघावर हल्ला केला. त्या वर्षी जुलै ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत दीड हजारांहून अधिक कारखाने उपटून रेल्वेनं पूर्वेला हलवण्यात आले. उरल, सैबेरिया, मध्य आशिया. यंत्रं वॅगनवर चढली, माणसं चढली आणि ड्रॉइंगांच्या पेट्याही चढल्या. खारकोव्हचा रणगाड्यांचा कारखाना उरलमधल्या निझ्नी तागिलला गेला. तोच टी-३४ रणगाडा दुसऱ्या शहरांतल्या कारखान्यांतही बनत होता. मॉडेल एक, पण बुरुजाचा घाट आणि चाकं कारखान्यागणिक वेगळी. युद्धात कशाची टंचाई पडेल त्याप्रमाणे प्रत्येकानं आपापल्या ड्रॉइंगमध्ये बदल केले होते. रणगाडा बनवणं ही एक गोष्ट आणि एका कारखान्याच्या रणगाड्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या रणगाड्याला बसणं ही निराळी.

इथे एक साधी गोष्ट लक्षात येते. ज्यानं ड्रॉइंग काढलं तो शेजारच्या टेबलावर बसलेला असेल, तर ड्रॉइंग कसंही चालतं. 'अरे, हे भोक नक्की केवढं?' असं विचारता येतं. तो दोन हजार किलोमीटरवर असेल, किंवा जिवंतच नसेल, तर कागदाला स्वतःच बोलावं लागतं. एस्कादेमधल्या बहुतेक किचकट वाटणाऱ्या नियमांमागे मला हा गैरहजर माणूस दिसतो.

युद्धानंतर मानकं होती, पण खात्याखात्यांच्या रीती वेगळ्या होत्या. एका मंत्रालयाच्या कारखान्यातलं उत्पादन दुसऱ्या मंत्रालयाच्या कारखान्यात न्यायचं, तर कागदपत्रं पुन्हा तयार करावी लागत. नियोजित अर्थव्यवस्थेत हे वारंवार घडणार. मॉस्कोत रचना करायची, कझानमध्ये बनवायचं, सुटे भाग तिसरीकडून आणायचे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये तर हे अटळच, कारण एका उपकरणात शेकडो बारीक घटक असतात आणि ते वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात.

आता त्या चौकोनाच्या आत शिरू. डाव्या बाजूला सह्यांचे रकाने एकाखाली एक: रचना करणारा, तपासणारा, उत्पादनाच्या दृष्टीनं पाहणारा, 'नोर्मोकंत्रोल', आणि शेवटी मंजुरी देणारा. यातला नोर्मोकंत्रोल हा प्रकार मला फार आवडतो. या माणसाला सर्किट चालेल की नाही याच्याशी कर्तव्य नाही. कागद नियमात बसतो की नाही एवढंच तो बघतो: अक्षरांचा घाट, रेषांची जाडी, चिन्हं, नंबर. आजच्या भाषेत हा चालता-बोलता लिंटर. कोड कमिट करायच्या आधी जे टूल 'इथे स्पेस जास्त आहे' म्हणून ओरडतं, तेच काम हा माणूस पेन्सिल घेऊन करायचा. लोक त्याच्यावर वैतागायचे हे सांगायला नकोच. लिंटरवर कोण वैतागत नाही?

सर्किटच्या चित्रांचे प्रकारही ठरलेले. ठोकळ्यांचं चित्र, कार्याचं चित्र, संपूर्ण सर्किट डायग्राम, जोडणीचं चित्र, प्रत्येकाला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक. सर्किट डायग्रामसोबत घटकांची यादी. घटकांना नावं द्यायची ती लॅटिन अक्षरांत, वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे. रेझिस्टरला आर आणि कपॅसिटरला सी हे आपल्यासारखंच. मात्र आपण आयसीला यू१ लिहितो, तिथे ते डिजिटल असेल तर डीडी१ आणि अ‍ॅनालॉग असेल तर डीए१ लिहितात. रेझिस्टरच्या चिन्हात तर वॅटही लिहिलेले असतात. छोट्या आयतात एक आडवी रेघ म्हणजे अर्धा वॅट, एक उभी रेघ म्हणजे एक वॅट, दोन उभ्या म्हणजे दोन. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा थोडा चिडलोच. इतकी साधी युक्ती! आपल्याकडे हा वॅट शोधायला बीओएमच्या एक्सेल शीटमध्ये जावं लागतं, आणि तिथेही तो रकाना रिकामा असतो.

खरी करामत मात्र नंबरात आहे. १९८०च्या मानकानं वस्तूचा नंबर असा ठरवला: चार अक्षरं, मग सहा आकडे, मग तीन आकडे, मध्ये टिंबं. चार अक्षरं रचना करणाऱ्या संस्थेची. सहा आकडे वस्तू काय आहे ते सांगतात. त्यातले पहिले दोन वर्गाचे. उदाहरणार्थ, ४६ हा वर्ग नियंत्रण, दळणवळण, दिशादर्शन आणि संगणनाच्या इलेक्ट्रॉनिक साधनांचा, आणि ७१ ते ७६ हे वर्ग सुट्या भागांचे. शेवटचे तीन आकडे निव्वळ अनुक्रमांक.

यात विशेष काय? बहुतेक ठिकाणी सुट्या भागाचा नंबर तो ज्या उपकरणात बसतो त्याच्यावरून देतात. 'रेडिओ क्रमांक पाच, त्यातली चौथी जुळणी, त्यातला बारावा भाग.' वाचायला सोपं, पण मग तो भाग कायमचा त्या रेडिओचाच होऊन बसतो. दुसऱ्या उपकरणात तसाच ब्रॅकेट हवा असेल तर इंजिनिअर शोधत बसत नाही, नवा काढतो. एस्कादेनं भागाला त्याच्या घरापासून तोडलं. नंबर त्याच्या आकारावरून आणि कामावरून द्यायचा. म्हणजे ब्रॅकेट हवा असला की आधी अर्काइव्हमध्ये त्या सहा आकड्यांखाली बघायचं, कोणी आधी काढलाय का. काढला असेल तर तोच वापरायचा. एनपीएम किंवा पिपवरून आपण पॅकेज उचलतो, तोच विचार, फक्त लोखंडी कपाटांत आणि ट्रेसिंग पेपरवर.

घरापासून तोडलं, पण घर विसरले नाहीत. ड्रॉइंगच्या डाव्या समासात एक उभा रकाना असतो, 'पहिला वापर'. हा भाग सर्वात आधी कोणत्या उपकरणासाठी काढला, त्याचा नंबर तिथे. प्रोग्रॅमरला हे लगेच कळेल: पॅरेंट पॉइंटर.

आणि बदल? मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या प्रकरणानं. मूळ प्रत, म्हणजे खऱ्या सह्या असलेला कागद, अर्काइव्हमधून बाहेर जात नाही. कारखान्यात जातात त्या प्रती. बदल करायचा तर आधी 'बदलाची सूचना' काढायची. ती स्वतःच एक दस्तऐवज, तिला नंबर, तिच्यावर सह्या, त्यात बदलाच्या कारणाचा कोड. मग मूळ कागदावर जुना आकडा बारीक रेघेनं खोडायचा, असा की तो वाचता आला पाहिजे, आणि शेजारी नवा लिहायचा. चौकोनातल्या छोट्या तक्त्यात बदलाचा क्रमांक, सूचनेचा नंबर, सही, तारीख. हे गिट आहे, शाईचं.

त्या सूचनेत आणखी एक रकाना आहे, जो गिटमध्ये नाही. 'आधी तयार झालेल्या मालाचं काय करायचं?' वापरा, दुरुस्त करून वापरा, की फेकून द्या. सॉफ्टवेअरमध्ये जुनी आवृत्ती गायब होते, पण बोर्ड गायब होत नाहीत. ते गोदामात, गाडीत, ग्राहकाच्या भिंतीवर राहतात. हा रकाना ज्यानं ठरवला, त्यानं गोदाम पाहिलेलं असणार.

आणि यावरचा नियम: बदलानंतरची वस्तू जुनीच्या जागी बसत नसेल, तर तो बदल म्हणायचा नाही. नवा नंबर घ्यायचा. ती नवी वस्तू.

हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीत सरळ बसलो होतो. मी पुण्यात फर्मवेअर लिहितो. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी काम करताना निम्म्या बोर्डांवर तापमानाचं रीडिंग बरोबर यायचं आणि निम्म्यांवर कचरा. आठ-नऊ दिवस आम्ही कोड चाळत होतो. शेवटी एका मुलीनं भिंग घेऊन दोन बोर्ड शेजारी ठेवले. सेन्सरच वेगळा होता. बाजारात टंचाई होती म्हणून पुरवठादारानं दुसऱ्या कंपनीचा बसवला. खरेदी खात्यानं मेलवर 'ओके' लिहिलं. बोर्डावर छापलेला नंबर तोच, रिव्हिजन तीच. पिना जुळत होत्या, आतले रजिस्टर नव्हते. बीओएमची फाइल उघडली तर तिच्या नावात 'फायनल' हा शब्द दोनदा होता. तेव्हापासून मी कागदपत्रांच्या इतिहासात शिरलो, आणि एस्कादेपाशी येऊन थांबलो.

तर या व्यवस्थेनं सोव्हिएत इलेक्ट्रॉनिक्स जगात पहिलं आलं का? नाही. आणि हे सांगितल्याशिवाय तिचं कौतुक करणं अप्रामाणिकपणाचं होईल. चिपच्या बाबतीत सोव्हिएत उद्योग अमेरिकेच्या मागं राहिला आणि पुष्कळदा नक्कल करत राहिला. इंटेल ८०८०ची त्यांची आवृत्ती प्रसिद्ध आहे. तिचं उदाहरण घेतो, कारण तिच्यात मानकांची दुसरी बाजू दिसते.

पाश्चात्त्य चिपच्या दोन पिनांमधलं अंतर इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर. सोव्हिएत संघ मेट्रिक, त्यामुळे त्यांनी बोर्डाची जाळी २.५ मिलिमीटरची ठरवली. फरक किती, तर ०.०४ मिलिमीटर. चौदा पिनांच्या चिपला तो जाणवतही नाही. पण ८०८०ला चाळीस पिना; एका रांगेत वीस पिना, एकोणीस अंतरं. १९ गुणिले ०.०४ म्हणजे ०.७६ मिलिमीटर. परदेशी चिप सोव्हिएत सॉकेटमध्ये बसवायची तर पिना वाकवायला लागतात. तीस पिनांच्या कनेक्टरच्या रांगेत हाच फरक १.१६ मिलिमीटर होतो, आणि तिथे वाकवूनही भागत नाही. बोर्डाची जाडीही तशीच. आपल्याकडे १.६ मिलिमीटर, जी खरं तर इंचाचा सोळावा भाग आहे, तिकडे १.५.

इंचाचं हे दुखणं त्यांना जुनं होतं. १९४४मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं व्लादिवोस्तोकजवळ उतरली, ती त्यांनी ठेवून घेतली आणि त्यांची हुबेहूब नक्कल करायचा हुकूम स्टालिननं १९४५मध्ये दिला. ते तूपोलेव्ह-४ मे १९४७मध्ये उडालं. अमेरिकी पत्र्याची जाडी इंचाच्या अपूर्णांकांत, सोव्हिएत पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमचे कारखाने मिलिमीटरमध्ये. प्रत्येक पत्र्यापाशी प्रश्न: किंचित जाड घ्यायचा की किंचित पातळ? जाड घेतला तर वजन वाढणार, पातळ घेतला तर मजबुती कमी. एका देशाची एकसंध पद्धत दुसऱ्या देशाच्या सीमेवर अशी संपते.

ही पद्धत आपल्याकडेही येऊन पोचली, किंवा निदान तिची भावंडं आली. १९६२मध्ये भारतानं मिग-२१ परवान्यानं बनवायचा करार केला. काम तीन ठिकाणी वाटलं: विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. १९६४मध्ये हे सगळं हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये आलं. पहिले कागद एस्कादेच्या आधीचे, पण पुढे मिग-२१ बिस आणि मिग-२७ येईपर्यंत ती लागू झालेली होती. नकाशावर ही तीन गावं बघा आणि विचार करा. हैदराबादला बनलेली पेटी ओझरला बनलेल्या खाचेत बसली पाहिजे, आणि दोन्हीचं ड्रॉइंग काढणारा माणूस रशियात आहे. त्या विमानाला आपण सप्टेंबर २०२५मध्ये चंडीगडला निरोप दिला. नाशिकच्या माझ्या मित्रांच्या घरी ओझरच्या टाउनशिपच्या आठवणी निघतात. त्यात विमान असतं, मैदान असतं, गणपती असतो, ड्रॉइंग कोणी काढत नाही.

पवईतही एक धागा आहे. आयआयटी मुंबई उभी राहिली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. तिथे आधी मिन्स्क-२ हा संगणक होता, आणि सत्तरच्या दशकात ईसी-१०३० आला. हा 'एकसंध मालिके'तला संगणक, म्हणजे आयबीएम ३६०च्या रचनेवर बेतलेलं कुटुंब. त्याची रचना येरेवानमध्ये झाली, उत्पादन कझानमध्ये. कुटुंबातले इतर सदस्य ड्रेस्डेन, प्राग, वॉर्सा करारातल्या अशाच शहरांतून येत, डिस्क ड्राइव्ह बल्गेरियातून. आर्मेनियात काढलेलं सर्किट तातारस्तानात बनून पवईत चालायचं असेल तर कागदांची भाषा एक असणं चैनीचं नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्यांनाही त्यांनी सोडलं नाही: १९७७पासून प्रोग्रॅमच्या कागदपत्रांसाठी 'गोस्त १९' अशी वेगळी मालिका आली, तिच्यात फ्लोचार्टचे ठोकळेसुद्धा मोजून दिलेले.

या पद्धतीत एक विचित्र विरोधाभास होता. तिनं प्रत्येक कागद कोणालाही वाचता येईल असा केला, आणि त्याच वेळी निम्मे कागद कोणालाही वाचायला मिळणार नाहीत अशी व्यवस्था होती. लष्करी संस्थांना नाव नसे, फक्त टपालपेटीचा नंबर. नंबराच्या पुढची चार अक्षरं बघून संस्था ओळखता येईलच असं नाही. मंजुरीच्या सह्या गोळा करण्यात महिने जात. बदल करणं इतकं कष्टाचं, की चांगला बदलही कधीकधी नको वाटावा.

पण सामान्य ग्राहकाच्या बाजूनं पाहिलं तर हे चित्र उलटं दिसतं. सोव्हिएत टीव्ही, रेडिओ, ऑसिलोस्कोप विकत घेतला की खोक्यात सर्किट डायग्राम मिळत असे. एस१-९४ नावाचा एक छोटा ऑसिलोस्कोप आहे. त्याच्या पुस्तिकेचं स्कॅन मी तासन्‌तास बघितलंय. पूर्ण सर्किट, प्रत्येक घटकाची किंमत, बोर्डावर तो कुठे बसलाय त्याचं चित्र, कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट दिसायला हवेत ते. रशियन मला येत नाही. तरी अर्ध्या तासात पॉवर सप्लाय कुठला आणि ट्रिगर कुठला हे कळलं, कारण चिन्हं बोलत होती. माझ्या टेबलावरच्या दोन वर्षं जुन्या राउटरचं सर्किट मला कोणी देणार नाही. तो बिघडला की तुळशीबागेमागच्या गल्लीतला रिपेअरवाला बोर्ड उलटापालटा करून, फुंकर मारून, अंदाजानं एक कपॅसिटर बदलतो. हुशारी त्याची, कागद त्याच्याकडे नाही.

एस्कादे आजही रशियात जिवंत आहे. २००६मध्ये इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांसाठी आणि थ्रीडी मॉडेलसाठी तिच्यात मानकं आली, जुनी सुधारली गेली. सेंट पीटर्सबर्गच्या एका कंपनीचं कॅड सॉफ्टवेअर तिकडे सर्रास वापरतात. नवी फाइल उघडली की तोच १८५ बाय ५५चा चौकोन आपोआप येतो. डाव्या समासात 'कोणत्या जुन्या मूळ प्रतीच्या बदल्यात' हा रकानाही येतो, जो कपाटातला जुना कागद काढून नवा ठेवताना लागायचा.

आणि चौकोनाच्या खाली, चौकटीच्या बाहेर, एक शब्द येतो: 'कपीरोवाल', म्हणजे प्रत काढली. कॅडच्या आधी इंजिनिअर पेन्सिलनं ड्रॉइंग काढायचा आणि मग कोणीतरी ते ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचं. हे काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. शाईची चूक झाली तर ब्लेडनं कागद खरवडून, तो फाटू न देता दुरुस्त करायच्या. त्यांच्या हातचा कागद मूळ प्रत ठरायचा आणि त्यावरून निळ्या प्रती निघायच्या. सर्किट कोणाचं, हे वरच्या पाच सह्यांवरून कळायचं. कारखान्यात पोचलेल्या रेषा कोणाच्या, हे या एका शब्दापुढच्या सहीवरून. त्यांचं काम प्लॉटरनं घेतलं. रकाना कोणी काढलेला नाही. आज काढलेल्या ड्रॉइंगांवरही तो छापला जातो, आणि पुढची जागा कोरी असते.